सीमेवरच्या पुलाला पैसा कोण देणार?

बिलोली तालुक्यातल्या मांजरेकाठच्या एका गावच्या सरपंचांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नदीच्या अलीकडं आपण, पलीकडं तेलंगणातलं, बोधनकडचं गाव. सोयरीक दोन्हीकडं. उन्हाळ्यात पात्रातून ये-जा होते, पावसाळ्यात मात्र येसगीच्या पुलावरून मोठा वळसा पडतो. पूल हवा आहे. सीमेवरच्या गावांसाठी केंद्राचा वेगळा निधी असतो असं कुणीतरी सांगितलं, तो मिळेल का? की दोन्ही राज्यांनी निम्मा-निम्मा पैसा एकत्र टाकून पूल बांधावा? आणि पूल होणारच असेल तर त्यालाच दरवाजे लावून पाणी का अडवू नये?

सार्वजनिक बांधकाम खात्यात आणि मधली काही वर्षं प्रतिनियुक्तीवर पाटबंधाऱ्यात माझी नोकरी झाली, तीही बहुतेक नांदेड-लातूरच्या सीमेवरच. त्यामुळं तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो.

आधी तो केंद्राचा निधी. तो आहे, पण आपल्यासाठी नाही. सीमा क्षेत्र विकास कार्यक्रम 1986-87 मध्ये पाकिस्तानलगतच्या राज्यांपासून सुरू झाला आणि पुढं इतर आंतरराष्ट्रीय सीमांवर गेला. 2023 मध्ये आलेली व्हायब्रंट व्हिलेजेस योजना सुरू झाली ती उत्तरेकडच्या सीमेवरल्या गावांसाठी. दोन्हींमधली 'सीमा' म्हणजे देशाची सीमा. मराठवाड्याच्या कुठल्याच बाजूला परदेश नाही, म्हणून या योजनांच्या नावानं केलेला अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुढं सरकत नाही. कुणी पुढारी सभेत या निधीची घोषणा करत असेल तर टाळ्या वाजवा, पण ठरावात त्या योजनेचं नाव घालू नका. चुकीच्या योजनेकडं गेलेलं प्रकरण परत येईपर्यंत एक अर्थसंकल्प निघून जातो.

युरोपात 1990 पासून इंटररेग नावाची व्यवस्था आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या संस्था मिळून एकच प्रस्ताव करतात, त्यातला एक मुख्य भागीदार हिशेबाला जबाबदार राहतो आणि पैसा युरोपीय संघाच्या प्रादेशिक विकास निधीतून येतो. तिथं देश वेगळे असूनही अर्ज एक असतो. आपल्याकडं देश एक आहे, पण नांदेड आणि निजामाबाद या दोन जिल्ह्यांनी मिळून एक अर्ज करावा आणि त्यावर एक मंजुरी मिळावी अशी खिडकीच नाही. पैसा राज्याच्या हद्दीप्रमाणं आणि लेखाशीर्षाप्रमाणं, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खात्याच्या क्रमांकाप्रमाणं चालतो. तुमची सोयरीक त्याला कळत नाही.

त्यात आणखी एक गंमत. राज्याराज्यांतले असे प्रश्न सोडवायला 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं विभागीय परिषदा तयार केल्या. सीमातंटे आणि आंतरराज्य वाहतूक हे विषय त्या कायद्यात नावानिशी आहेत. पण महाराष्ट्र बसतो पश्चिम परिषदेत, गुजरात-गोव्याबरोबर. तेलंगणा आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय कायद्यात आहे, पण मांजरेवरच्या एका गावच्या पुलासाठी कुणी ती बोलावणार नाही. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी हैदराबाद राज्य मोडलं. तोवर बिलोली आणि बोधन एकाच राज्यात होते, रस्ता आखताना मधे रेघ नव्हती. तुमच्या गावाचा पलीकडचा रस्ता आज अर्धवट दिसतो तो त्यामुळंच. तो आखला तेव्हा पुरा होता.

आता पैसा खरोखर कुठून येऊ शकतो ते.

पहिली गोष्ट, तुमच्या गावापासून नदीपर्यंतचा रस्ता कागदावर कोणाचा आहे ते शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडं असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. रस्ते विकास योजनेत त्याचा क्रमांक आहे का, आणि तो नदीच्या काठापर्यंत जातो की गावातच संपतो, हे उपविभागीय कार्यालयात बसून नकाशावर बघा. बऱ्याच सीमावर्ती रस्त्यांची लांबी नोंदीत काठाच्या अलीकडंच संपलेली असते. पुढचा तुकडा पांदण म्हणून वहिवाटीत असतो, रस्ता म्हणून नसतो. अशा तुकड्यावर पुलाचा प्रस्ताव टाकला तर पहिला शेरा येतो: 'रस्ता योजनाबाह्य.' म्हणून आधी तो तुकडा रस्ते योजनेत घेणं आणि एकूण रस्त्याची दर्जोन्नती करणं, म्हणजे तो वरच्या वर्गात नेणं, हे दोन ठराव जिल्हा परिषदेतून करून घ्या. हे काम बिनपैशाचं आहे आणि लोक नेमकं तेच सोडून देतात.

दर्जोन्नती एवढी महत्त्वाची का? कारण केंद्राचा जो पैसा खरोखर तुमच्या कामाचा आहे, तो रस्त्याच्या दर्जाकडं बघून येतो. डिझेल-पेट्रोलवरच्या उपकरातून केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधी तयार होतो. सुरुवातीला, 2000 च्या कायद्यात, तो फक्त मार्ग निधी होता. पायाभूत सुविधा 2018 मध्ये त्याला जोडल्या गेल्या. या निधीत राज्यांच्या रस्त्यांसाठी 'आंतरराज्य जोडणी आणि आर्थिक महत्त्व' असा एक भाग आहे. आर्थिक महत्त्वाच्या कामाला केंद्र निम्मा खर्च देतं, पण आंतरराज्य जोडणीच्या कामाला पूर्ण खर्च देतं. अख्ख्या सरकारी व्यवस्थेत दोन राज्यांच्या मधल्या पुलासाठी डोळ्यासमोर ठेवावी अशी हीच एक जागा.

अडचण एवढीच की अर्ज गाव करत नाही, आमदारही करत नाहीत. राज्याचा बांधकाम विभाग आपली यादी केंद्रीय रस्ते मंत्रालयाकडं पाठवतो आणि त्या यादीत क्रमवारी लागते. नांदेडचा एक ग्रामीण मार्ग त्या यादीत कुठं बसणार? राज्य मार्ग किंवा निदान प्रमुख जिल्हा मार्ग असल्याशिवाय मंत्रालयातला कक्ष अधिकारी त्याकडं बघतसुद्धा नाही. आणि पलीकडच्या राज्यानंही आपल्या बाजूचा रस्ता त्याच कामासाठी सुचवलेला असला पाहिजे. आपल्याकडून प्रस्ताव गेला आणि हैदराबादहून काहीच नाही, तर ते काम 'आंतरराज्य' कसं म्हणायचं, हा साधा प्रश्न दिल्लीत विचारला जातो.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेकडंही लोक धावतात. तिथं केंद्र-राज्य वाटा 60-40 आहे, पण ती योजना वस्ती जोडते, राज्य जोडत नाही. तुमच्या गावाला एका बाजूनं डांबरी रस्ता आहे ना? मग योजनेच्या हिशेबानं तुम्ही जोडलेलेच. शिवाय पुलाच्या लांबीला तिथं मर्यादा असते. तिसऱ्या टप्प्यात सपाट भागात ती 150 मीटर होती, त्यापुढचा खर्च राज्याच्या अंगावर. मांजरेचं पात्र तुमच्या बाजूला केवढं रुंद आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

राहिला राज्याचा पैसा. नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीतून राज्य कर्ज घेतं आणि पुलांची कामं करतं. 1995-96 पासून ती सोय आहे आणि ग्रामीण पुलांना ती चांगली लागू पडते. केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं, त्यातही रस्ते बसतात, पण ती निवड मुंबईत होते. जिल्हा वार्षिक योजनेतून 3054 आणि 5054 या लेखाशीर्षांखाली रस्त्यांची कामं होतात. 3054 मधून देखभाल-दुरुस्ती आणि 5054 मधून नवं बांधकाम, एवढं लक्षात ठेवा. अख्खा मोठा पूल जिल्हा योजनेच्या पैशात होत नाही. जोडरस्ता मात्र होतो, आणि तोच तिथून मागायचा. खासदार आपल्या निधीतून मर्यादित रक्कम मतदारसंघाबाहेरच्या कामालाही सुचवू शकतात, दुसऱ्या राज्यातही. पलीकडच्या काठावरचा मोरीचा एखादा तुकडा अडला असेल तर ही वाट कामाला येते. पुलाचा खर्च तिच्या आवाक्यात नाही.

आणि एक वाट आहे, सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत दूरची: रस्ता राष्ट्रीय महामार्ग होणं. अकोल्याहून हिंगोली-नांदेड-देगलूरमार्गे संगारेड्डीला जाणारा 161 क्रमांकाचा महामार्ग बघा. लातूर-उदगीर-देगलूरहून बोधन-निजामाबादकडं जाणारा 63 क्रमांकाचा बघा. मालक एकच, केंद्र. त्यामुळं सीमेच्या दगडाजवळ डांबर थांबत नाही. मालक एक असला की सीमेची निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत, हे मी नोकरीत वारंवार बघितलं. पण प्रत्येक गावाचा रस्ता महामार्ग होत नसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, निम्मा-निम्मा पैसा एका जागी टाकण्याचा. ऐकायला हा न्यायाचा मार्ग वाटतो. माझं मत स्पष्ट आहे: दोन राज्यांचा पैसा एका भांड्यात टाकू नका.

का ते लेंडीवरून समजून घ्या, तुमच्यापासून लांब नाही. मुखेड तालुक्यात गोणेगावजवळ मांजरेच्या या उपनदीवर धरण. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र यांचा संयुक्त प्रकल्प, करार सत्तरच्या दशकातला, काम ऐंशीच्या दशकातलं. पाण्याची आणि खर्चाची वाटणी साधारण 62 आणि 38 टक्के. कागदावर यापेक्षा नीटनेटकी भागीदारी सापडणार नाही. पण अशा प्रकल्पात होतं काय, तर बांधणारं राज्य आपल्या अर्थसंकल्पातून खर्च करतं आणि दुसऱ्याकडं वाट्याची मागणी पाठवतं. दुसऱ्या राज्याला त्या वर्षी तेवढी तरतूद नसते, किंवा असते पण हिशेब मान्य नसतो. मागणी थकते, काम मंदावतं, दरसूची बदलते, खर्च वाढतो. वाढलेल्या खर्चाला सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते, आणि संयुक्त प्रकल्पात ती एका सरकारची पुरत नाही. दोन वित्त विभाग, दोन मंत्रिमंडळं. एकाची मान्यता येईपर्यंत दुसऱ्याची जुनी झालेली. त्यात 2014 मध्ये भागीदारच बदलला, आंध्र गेला आणि तेलंगणा आला, म्हणजे जुनी देणी-घेणी नव्यानं वाटली गेली. धरणाखाली गेलेल्या गावांचं पुनर्वसन हा तर वेगळा आणि जास्त दुःखाचा विषय. प्रकल्पग्रस्तांनी काम वर्षानुवर्षं रोखून धरलं ते हौसेनं नाही. अखेर घळभरणी झाली, म्हणजे धरणाच्या भिंतीतली नदीची मोकळी जागा बुजवली, आणि ऑगस्ट 2025 च्या अतिवृष्टीत मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावसारख्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा पुनर्वसनाचं राहून गेलेलं काम साऱ्या महाराष्ट्रानं बघितलं. पैशाला उशीर झाला की त्याची किंमत शेवटी कोण मोजतं, एवढं त्यावरून कळतं.

निम्न पैनगंगा धरणाचंही असंच. तिथं महाराष्ट्र आणि तेलंगणाचा वाटा 88 आणि 12 टक्के. बारा टक्केवाल्याला घाई नसते आणि अठ्ठ्याऐंशीवाल्याला त्याच्याशिवाय पुढं जाता येत नाही. 2016 मध्ये महाराष्ट्र-तेलंगणाचं आंतरराज्य मंडळ झालं, मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर सह्या झाल्या. अशा मंडळामुळं मोठे प्रश्न टेबलावर येतात हे मान्य, पण ज्याच्या-त्याच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या-त्याच्याकडंच राहते. संयुक्त प्रकल्प कधीच पुरे होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. कोकणात गोव्याबरोबरचं तिलारी झालं, भंडाऱ्याकडं मध्य प्रदेशाबरोबरचं बावनथडी झालं. धरणाला दुसरा इलाज नसतो, पाणी वाटायचंच असतं. पुलाला इलाज आहे.

तो इलाज असा. पूल, म्हणजे खांब आणि वरची स्लॅब, पूर्णपणे एकाच राज्यानं बांधायचा, आपल्या पैशानं आणि आपल्या निविदेनं. जोडरस्ता आणि त्यासाठीचं भूसंपादन ज्याचं त्यानं आपल्या हद्दीत करायचं. समोरच्या राज्याचा वाटा रोख घ्यायचा नाही, तो कामात घ्यायचा: हा पूल आम्ही बांधतो, याच नदीवरचा पुढचा तुम्ही. रोख वाटा घ्यायचीच वेळ आली तर तो 'ठेव अंशदान' म्हणून निविदेच्या आधी पूर्ण जमा करून घ्यायचा, हप्त्यानं नाही. दुसऱ्या राज्याच्या जमिनीत आपला पैसा घालता येतो का, असं लेखापरीक्षक विचारतील. येतो. सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला आपल्या हद्दीपलीकडंही अनुदान देण्याची मोकळीक संविधानाच्या अनुच्छेद 282 मध्ये आहे. फक्त त्यामागं लेखी करार आणि शासनाची मान्यता हवी, नाहीतर महालेखापालांचा आक्षेप वर्षानुवर्षं फायलीला चिकटून बसतो आणि निवृत्त झालेल्या अभियंत्याला पेन्शनच्या वेळी आठवतो.

करारात काय असावं हे मुद्दाम लिहितो, कारण तयार मसुद्यांत नेमकं हेच नसतं. पूल झाल्यावर त्याची मालकी कोणाची. पंधरा वर्षांनी बेअरिंग बदलायची वेळ आली तर कुणाच्या तरतुदीतून. पुलावर अपघात झाला तर पंचनामा कुठल्या ठाण्याचा. पात्रातली रेती पुलाच्या वर-खाली किती अंतरापर्यंत उपसायची नाही, आणि ती बंदी दोन्ही तहसीलदारांवर सारखी बंधनकारक. हे शेवटचं कलम वाळूच्या गुत्तेदारांना आवडत नाही. मांजरेच्या या पट्ट्यात एका राज्यानं घाट बंद केला की दुसऱ्या राज्याच्या काठावरून उपसा होतो, आणि खांबाचा पाया उघडा पडायला सीमा आड येत नाही.

भूसंपादनाचं एक वेगळं सांगतो. 2013 चा कायदा दोन्हीकडं असला तरी जमीन घेणारा जिल्हाधिकारी ज्याचा-त्याचा, दर ज्याचे-त्याचे, वाटाघाटीही वेगळ्या. पलीकडं एकराचा भाव जास्त निघाला की अलीकडचा शेतकरी त्याचाच दाखला देणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून निविदा काढण्याआधी दोन्ही काठांची जमीन ताब्यात आल्याचा पंचनामा हातात हवा. पूल उभा आणि एका बाजूला दहा फूट हवेत, असे नमुने मराठवाड्यात दाखवता येतील. नावं घेत नाही.

आता बंधाऱ्याचा प्रश्न. सरपंचसाहेब, हात जोडून सांगतो, पुलाला दरवाजे लावू नका. पाण्याची गरज मला कळते. पण नुसता पूल हा रस्त्याचा विषय आहे, दरवाजे लावलेला पूल हा आंतरराज्य पाणीवाटपाचा विषय होतो. त्या क्षणाला फाईल बांधकाम खात्यातून निघते आणि जलसंपदा, केंद्रीय जल आयोग, लवाद, न्यायालय या वाटेला लागते.

बाभळी आठवा. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बंधारा, क्षमता 2.74 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे मोठ्या धरणांपुढं काहीच नाही. नदीचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या गोदावरी लवादाच्या निवाड्यातल्या आपल्या वाट्यात ते पाणी बसतं अशी महाराष्ट्राची भूमिका. पण जागा पलीकडच्या पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्यात, त्याचं पाणी मागं पसरतं त्या पट्ट्यात. आंध्रनं 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. 2007 मध्ये अंतरिम आदेश आला: बांधा, पण दरवाजे बसवू नका. 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बाभळीकडं निघाले आणि धर्माबादेत त्यांना अटक झाली. निकाल लागला 28 फेब्रुवारी 2013 ला. महाराष्ट्राला बंधारा मिळाला, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं, अशा अटींवर. पावसाळ्यात पाणी असताना दरवाजे वर, आणि ते खाली येतात तोवर पूर ओसरलेला. धर्माबादच्या शेतकऱ्याला विचारा त्याला हा निकाल कसा वाटतो. मी त्या अटींना दोष देत नाही. खालच्या राज्याचं धरण खरं आहे, त्याचा हक्कही खरा आहे. पण तुमच्या लेकरांना पावसाळ्यात बोधनला जायचं असेल तर त्यांचा रस्ता या भांडणात अडकवू नका.

त्याच फुगवट्याची एक तांत्रिक बाजू आहे, ती प्रस्तावात पहिल्या दिवसापासून हवी. मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते आणि श्रीरामसागरची पूर्ण संचय पातळी 1091 फूट आहे. बिलोली-धर्माबादच्या खालच्या पट्ट्यात पुराच्या वेळी नदीचं पाणी पुढं सरकत नाही, धरणाचं पाणी मागं दाबतं. तुमचं गाव संगमापासून किती वर आहे त्यावर पुलाची उंची ठरेल. गावकऱ्यांनी दाखवलेली पूररेषा आणि फुगवट्याची पातळी, दोन्हींतली जी जास्त ती धरायची. वरच्या बाजूला निजामसागरचे दरवाजे उघडले की मांजरा कशी येते हे तुम्ही बघितलंय. तेलंगणाच्या पाटबंधारे खात्याचं ना-हरकत पत्र आपल्याला लागणारच आहे, तर ते संकल्पचित्र मंडळाकडं, म्हणजे पुलाची रचना ठरवणाऱ्या कार्यालयाकडं आराखडा जाण्याआधी मागवा. नंतर मागवलं तर उंची बदलते, उंची बदलली की जोडरस्त्याची लांबी आणि जमीन बदलते, आणि सगळं पुन्हा अंदाजपत्रकापासून.

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांसाठी थोडं वेगळं लिहितो, कारण उदगीर, देवणी, निलंगा, उमरग्याच्या पलीकडं कर्नाटक आहे आणि तिथला पैसा वेगळ्या तोंडानं बोलतो. बिदर-कलबुर्गी हा भाग संविधानातल्या विशेष तरतुदीच्या, अनुच्छेद 371 जे खाली येतो. कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाला 2023-24 च्या अर्थसंकल्पात 5000 कोटी रुपये जाहीर झाले. आपल्याकडं 371 (2) खाली मराठवाडा वैधानिक विकास मंडळ 1994 पासून होतं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. म्हणजे त्याच जुन्या हैदराबाद संस्थानाच्या दोन तुकड्यांत एकाकडं स्वतःचं मंडळ आहे आणि पैसाही, दुसऱ्याकडं दोन्ही नाही. यावर राजकीय भाषण करता येईल, पण व्यवहाराचा मुद्दा असा: बिदरमधल्या भालकी किंवा औरादच्या बाजूचा रस्ता करायला तिकडच्या आमदाराकडं मंडळाचा पैसा असतो. तुमची बाजू आधी राज्य अर्थसंकल्पात आली तर तिकडची बाजू त्यानंतर लवकर होते. कर्नाटकात सीमा भागासाठी 2010 च्या कायद्यानं झालेलं वेगळं प्राधिकरणही आहे, त्याच्या दारातही जाता येतं.

फक्त कागद जपून लिहा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. 865 गावांवर आपला हक्क सांगितला जातो, त्यांत बिदरकडचीही गावं आहेत. 2023 मध्ये महाराष्ट्रानं त्या गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली तेव्हा कर्नाटकानं किती आकांडतांडव केलं ते सगळ्यांनी बघितलं. उपचार झालेल्या माणसाच्या दृष्टीनं ते पैसे योग्य होते, हे माझं मत. पण पुलाच्या करारात 'सीमाभाग' हा शब्द आला की दोन्हीकडचे विधी विभाग सावध होतात. म्हणून एक वाक्य घाला: हा करार दोन्ही राज्यांच्या प्रलंबित दाव्यांना बाधा न आणता केलेला आहे. आणि गावाची ओळख जनगणनेतल्या नावानं द्या, जुन्या तालुक्याच्या नावानं नको.

तेलंगणाकडच्या आपल्या पट्ट्यात असा दावा नाही, पण दुसरं दुखणं आहे. 2018 मध्ये धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली. त्याच वर्षी तिकडं शेतकऱ्यांना थेट मदत देणारी रयतु बंधू योजना सुरू झाली होती, एकरी चार हजार रुपये प्रत्येक हंगामाला, आणि ती आपल्या लोकांना नदीपलीकडं दिसत होती. मुंबईत त्या मागणीची दखल झाली, कारण ती अब्रूची गोष्ट होती. अशी धमकी ठरावात घालावी का, असं मला काहीजण विचारतात. घालू नका. त्यातून तातडीची एखादी रक्कम सुटते, ती गटारात आणि सभागृहात जाते. पुलाला लागणारी चार-पाच वर्षांची चिकाटी तिच्यातून येत नाही.

तर करायचं काय, क्रमानं. रस्त्याचा दर्जा आणि लांबी दुरुस्त करा, हे वर सांगितलं. मग पलीकडच्या ग्रामपंचायतीकडून त्यांच्या भाषेत, त्यांच्या लेटरहेडवर, तसाच ठराव घ्या आणि तो बोधनच्या आमदारांमार्फत त्यांच्या रस्ते व इमारती विभागाकडं जाऊ द्या. तुमचा आणि त्यांचा ठराव एकाच तारखेचा असला तर फायलीत तो उठून दिसतो. निवडणुका आल्या की सीमेवरच्या दोन जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांची आणि पोलीस अधीक्षकांची समन्वय बैठक होतेच, दारू, रोकड आणि नाके हे तिचे विषय. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पुलाचा एक विषय घालायची विनंती करा. दोन्ही राज्यांचे अधिकारी एका टेबलावर बसतात असा तुमच्या भागातला हा जवळजवळ एकमेव प्रसंग, आणि त्याच्या इतिवृत्ताला पुढं मंत्रालयात किंमत असते. त्यानंतर रहदारीची मोजणी: उन्हाळ्यात पात्रातून किती माणसं, किती दुचाकी, किती बैलगाड्या जातात याची आठवडाभराची नोंद शाळेतल्या मास्तरांकडून करून घ्या, बाजाराचा दिवस धरून. उपअभियंत्याला अंदाजपत्रक करताना हीच आकडेवारी लागते आणि ती त्याच्याकडं कधीच नसते.

मागणी दोनदा करायची. मार्चच्या अर्थसंकल्पासाठी डिसेंबरच्या आतच, कारण व्हाईट बुकमध्ये, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कामांच्या यादीत, कामाचं नाव येणं ही पहिली पायरी, मग त्यापुढं रक्कम हजाराची टोकन तरतूद का असेना. आणि आंतरराज्य जोडणीच्या केंद्रीय यादीसाठी खासदारांमार्फत, राज्याच्या बांधकाम विभागाला प्रत देऊन. फक्त दिल्लीला पत्र देऊन भागत नाही. तिथून ते परत राज्याकडं अभिप्रायाला येतं आणि राज्याकडं प्रस्तावच नसला तर अभिप्राय लिहिणार कोण?

या सगळ्याला वेळ लागेल. तोवर एक गोष्ट बिनपुलाची होण्यासारखी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 88 खाली दोन राज्यांच्या परिवहन महामंडळांमध्ये परस्पर करार असतो, कुणाच्या किती गाड्या कुठल्या मार्गावर किती किलोमीटर धावतील याचा. तुमच्या गावाहून येसगीमार्गे बोधनला सकाळ-संध्याकाळ एक फेरी त्या करारात बसवायची असेल तर त्याला ना भूसंपादन लागतं ना सुप्रमा. प्रवासी किती मिळतील तेवढं दाखवावं लागतं, आणि मास्तरांनी केलेली मोजणी तिथंही चालते. त्यासाठी मुंबईची वारी नको, पहिला अर्ज बिलोली आगारात द्या.